एका आज्ञेत बांधणी

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर या कंपनीतील अभियंते यांनी मिळून २००१ साली ‘सिम्प्युटर’ नावाचा, हातात मावणारा संगणक लोकांपुढे आणला. निरक्षर माणसालाही तो वापरता यावा, म्हणून भारतीय भाषांतील मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय त्यात केलेली होती. बाजारात तो फार काळ टिकला नाही. परंतु त्याच्या घडणीतील एक प्रश्न आजही प्रत्येक मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पापुढे उभा राहतो. निरनिराळ्या भाषांत लिहिलेले अनेक भाग जोडून एक निर्दोष सॉफ्टवेअर कसे तयार करावे?

सिम्प्युटर लिनक्स प्रणालीवर चालत असे. लिनक्सचा गाभा मुख्यतः ‘सी’ या संगणकीय भाषेत लिहिलेला आहे. यंत्राशी थेट संबंध येणारे काही भाग असेंब्ली भाषेत आहेत. २०२२ पासून त्यात रस्ट या तिसऱ्या भाषेलाही प्रवेश मिळाला. माणसाने लिहिलेला हा मजकूर यंत्राला जसाच्या तसा कळत नाही. कंपायलर त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. प्रत्येक भाषेचा कंपायलर वेगळा असतो. शिवाय सिम्प्युटरमधील स्ट्राँगआर्म प्रक्रियकाची यंत्रभाषा टेबलावरील नेहमीच्या संगणकाहून निराळी होती. म्हणून रूपांतरही त्याच प्रक्रियकासाठी करणे आवश्यक होते. रूपांतरित भाग शेवटी एकमेकांना जोडले जातात. या सर्व कामाला ‘बिल्ड’ म्हणजे बांधणी म्हणतात.

एका भागात दुरुस्ती केली, तर पुन्हा काय काय बांधावे लागेल? सर्वच बांधले, तर वेळ वाया जातो. स्मरणावर विसंबले, तर चूक होते. १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीव्ह जॉन्सन यांची अख्खी सकाळ अशीच वाया गेली. दोष त्यांनी आधीच दुरुस्त केला होता. पण दुरुस्त भागाचे पुन्हा रूपांतर करायचे राहून गेले होते. त्यामुळे ते निर्दोष मजकुरात दोष शोधत बसले. त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्यावरही असाच प्रसंग आलेला होता. त्यांनी यावर उपाय म्हणून ‘मेक’ हे साधन तयार केले. लिनक्सचा गाभा आजही मेकच्या साहाय्याने बांधला जातो.

मेकचे तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातही आढळते. चकली पिठावर आणि पीठ भाजणीवर अवलंबून असते. भाजणीचे प्रमाण बदलले, तर पीठ पुन्हा दळावे लागते, चकल्या पुन्हा पाडाव्या लागतात. डब्यातील शंकरपाळ्यांना मात्र हात लावण्याचे कारण नसते. ‘मेकफाइल’ या नोंदपत्रात कोणता भाग कशावर अवलंबून आहे आणि तो कोणत्या आज्ञेने तयार होतो, हे लिहिलेले असते. मूळ मजकूर तयार भागापेक्षा नंतर बदललेला असेल, तरच मेक तो भाग नव्याने बांधते.

अनेक भाषांच्या प्रकल्पात अशी व्यवस्था उभारताना पुढील क्रम पाळावा. प्रथम सर्व भागांची भाषावार यादी करावी. प्रत्येक भाषेचा कंपायलर आणि त्याची आवृत्ती ठरवून लिहून ठेवावी. दोन भाषांचे भाग जेथे एकमेकांना भेटतात, त्या सामाईक फाइलची नोंद दोन्हींच्या बाजूला करावी. ही नोंद राहिली, तर एक बाजू नवी आणि दुसरी जुनी राहते. सॉफ्टवेअर बांधले जाते, पण चालताना कोलमडते. शेवटी एका कोऱ्या संगणकावर, एकाच आज्ञेने, सर्व बांधणी होते का ते पाहावे.

ही शेवटची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. बांधणीची रीत एखाद्या कुशल माणसाच्या डोक्यातच राहिली, तर तो गेल्यावर काम अडते. ती लिहिलेली असेल, तर काल रुजू झालेला नवखाही तेच काम अचूक करू शकतो.

पाठगत प्रश्न

१. जॉन्सन यांची सकाळ कशामुळे वाया गेली?
२. चकलीच्या उदाहरणातून मेकचे कोणते तत्त्व स्पष्ट होते?
३. बांधणीची कसोटी कोऱ्या संगणकावर का घ्यावी?