प्रतिद्रव्याची साक्ष

प्राण्यांच्या शरीरांत एका विशिष्ट विकराच्या योगें नायट्रिक ऑक्साइड वायु तयार होतो. हा विकर ओळखण्यास प्रयोगशाळेंत प्रतिद्रव्यें वापरितात. परकें प्रथिन टोंचल्यावर सशासारख्या प्राण्याचे रक्तांत जो पदार्थ उत्पन्न होतो, तेंच प्रतिद्रव्य; तें त्या प्रथिनासच चिकटावें अशी अपेक्षा असते. अशीं प्रतिद्रव्यें मक्याच्या प्रथिनांस चिकटलीं, तेव्हां पिकांतही हा विकर असल्याचें कित्येक शास्त्रज्ञांनीं मानिलें. परंतु २००३ सालीं तीं प्रथिनें एकेक तपासतां निराळींच निघालीं. २०१६ सालीं हजारांवर भूवनस्पतींच्या जनुकांचा शोध घेतला, त्यांतही प्राण्यांसारखा विकर आढळला नाहीं. पिकें हा वायु नायट्रेटापासून व इतर मार्गांनीं करितात.

एका साक्षीदाराच्या जबानीवर फेरफार मंजूर होत नसतो. येथेंही तोच न्याय. बीटी कपाशीचें बीं ओळखण्याची पट्टी प्रतिद्रव्यावरच चालते. म्हणून आम्ही सुचवितों कीं, खात्रीचें बीटी व खात्रीचें बिगरबीटी अशीं दोन्ही बियाणीं सोबत तपासावीं. आणि पट्टीवरील पडताळ्याची रेघ न उमटल्यास तो निकाल मुळींच धरूं नये.