लांब चेहरा, रुंद चेहरा : दातांना तार लावण्यापूर्वी

फैजपूरहून मुलाला दातांना तार लावायला जळगावला किंवा धुळ्याला नेलं, की डॉक्टर दातांबरोबर चेहराही न्याहाळतात आणि कागदावर ‘लांब’ किंवा ‘रुंद’ असं लिहितात. आईबापाला वाटतं, रूपावर बोलतायत. तसं नाही. लांब चेहऱ्यात खालचा जबडा खाली-मागे झुकलेला असतो, चावायचे स्नायू बहुधा दुबळे असतात आणि वरचे-खालचे पुढचे दात एकमेकांना न टेकण्याची शक्यता जास्त असते. रुंद चेहऱ्यात स्नायू दणकट, आणि वरचे दात खालच्यांना झाकून टाकतात. तारेने दात कसे ओढायचे, जागेसाठी एखादा दात काढायचा की नाही, हे ठरवताना ही गोष्ट धरावी लागते.

हा प्रकार ओळखायच्या मुख्य तऱ्हा तीन. नुसत्या नजरेने, ही पहिली. पण गालांवर मांस असलं की नजर फसते. दुसरी मापाची : नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंतची उंची भागिले गालफडांची रुंदी, गुणिले १००. साधारण ८५ ते ९० आलं तर मध्यम, जास्त तर लांब, कमी तर रुंद. खर्च नाही, पण आत जबडा किती झुकलाय ते यातून कळत नाही.

ते कळतं बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून. कवटीच्या तळाची रेषा आणि खालच्या जबड्याची रेषा यांतला कोन सुमारे ३२ अंश असला तर मध्यम धरतात. मात्र मुळात कवटीची रेषाच तिरकी असेल तर हा कोन चकवतो. म्हणून चेहऱ्याच्या मागच्या उंचीचं पुढच्या उंचीशी प्रमाणही काढतात. ६२ ते ६५ टक्के म्हणजे मध्यम. एकच मूल एका मापाने लांब आणि दुसऱ्याने मध्यम ठरू शकतं. आमच्या मते एका आकड्यावर दात काढायचा निर्णय होऊ नये.

आणि ‘मध्यम’ कुणाचा? १९४८ साली अमेरिकेत डाउन्स यांनी सरासरी मापं काढली ती अवघ्या २० गोऱ्या मुलामुलींवरून. चेहऱ्याच्या मापांचा इतिहास आपल्या परिचयाचा आहे. रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकं मोजून जातींची उतरंड वंशावर बसवली होती. बाबासाहेबांनी त्याच १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात घुर्ये यांच्या पुस्तकातली नाकांची मापं घेऊन दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगळे वंश ठरत नाहीत. दवाखान्यातला ‘लांब’ हा शब्दही फक्त जबड्याबद्दल आहे. त्यावरून लेकीला कुणी नावं ठेवत असेल तर तिथेच थांबवा.

तार लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा : प्रकार कशावरून ठरवला, एक्स-रेवर कोणती मापं घेतली, दात काढायचा तर का? एक्स-रे आणि कागद जपून ठेवा, दुसरीकडे दाखवायला लागतात. मूल रात्री तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल, तर आधी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. वाढत्या वयात तोंडाने श्वास घेण्याची सवय आणि लांब होत जाणारा चेहरा बऱ्याचदा एकत्र आढळतात, आणि नाक बंद ठेवून नुसते दात सरळ केले तर ते पुन्हा सरकू शकतात.