बारदान वजा करून

सुमे, क्रूझचं पत्रक मामीनं वाचून दाखवलं. चार रात्री, लक्षद्वीप, खाणंपिणं आत धरलेलं. भाव बघून तू हरखलीस. हौ गं, स्वस्तच दिसतंय. पण आपण हैदराबादच्या अफझलगंज बाजारातली माणसं. पोत्याचा भाव ऐकून माल उचलायचा नसतो, आधी बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, वजा करायचं.

इथं बारदान म्हणजे समुद्र. मुंबई ते लक्षद्वीपमधलं अगत्ती बेट सरळ रेषेत नऊशे किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी निघालेलं जहाज दुसरा अख्खा दिवस पाण्यातच असतं, परततानाही तेच. चार रात्रींत बेटाचा दिवस एकच, आणि तोही पुरता मिळत नाही. प्रवाळामुळे मोठं जहाज लगूनमध्ये शिरू शकत नाही, बाहेर उभं राहतं. मग छोट्या होड्यांनी माणसं न्यायची. कॉर्डेलिया कंपनीनं २०२१ मध्ये मुंबईहून सुरू केलेल्या 'एम्प्रेस'सारख्या जहाजावर हजारावर प्रवासी मावतात. सगळ्यांची रांग एकाच दाराशी. उशिरा नंबर लागला की पाण्यात पाय बुडवून यायचं, एवढंच. वारा सुटला तर उतरणंच रद्द, आणि पैसे परत नाहीत असं बारीक अक्षरात बहुधा लिहिलेलं असतं. ते आधी वाच.

म्हणून एजंटला पहिला प्रश्न हाच: जहाज धक्क्याला लागतं की होडीनं उतरायचं? तुझ्या आईचे गुडघे लक्षात ठेव. जहाजात लिफ्ट असते, पण हलत्या होडीत पाय टाकायला लिफ्ट नाही.

दुसरं, पोर्ट चार्जेस, जीएसटी, ग्रॅच्युइटी, किनाऱ्यावरची सहल हे सगळं धरून आकडा लेखी माग. त्यात मुंबईची एक रात्र घाल. त्याच दिवशी सकाळी हुसेनसागर एक्स्प्रेसनं उतरून जहाज गाठायचा बेत नक्को. गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. खोली मधली आणि खालच्या मजल्यावरची घे, तिथं हेलकावे कमी. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारूनच.

बेटंच बघायची असतील तर सिकंदराबादहून शबरी एक्स्प्रेसनं एर्नाकुलम गाठ. कोचीहून लक्षद्वीप प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' संस्थेची 'समुद्रम्' सहल असते: एम. व्ही. कवरत्ती जहाज, पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. झोपायचं जहाजात, दिवस बेटावर. थाटमाट नाही, पण निव्वळ वजन चांगलं भरतं. परवाना लागतो, जागा लवकर संपतात, आणि पावसाळ्यात जायचं नाव काढू नकोस.

मला विचारशील तर अंदमान. शमशाबादहून विमानानं पोर्ट ब्लेअर, आता त्याला श्री विजयपुरम म्हणतात. सेल्युलर जेलला निवांत अर्धा दिवस दे. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे, जिने चढावे लागतात. मग फेरीनं हॅवलॉकला जाऊन तीन रात्री राहा. तिथं संध्याकाळी पाचला कुणी भोंगा वाजवून जहाजावर परत बोलावत नाही.

मामीचं म्हणणं वेगळं. तिला बेटाशी देणंघेणं नाही, जहाजच हवंय: गाणी, बुफे, कुणी अंथरूण घालून देणारं. तिचा हिशेब तिच्या जागी बरोबर आहे. तिच्यासाठी मी गोव्याची छोटी क्रूझ बघतोय, बाल्कनीची खोली घेऊन.