वन्यजीव छायाचित्रण आणि सर्पदंशापासून संरक्षण

वन्यजीवांचे छायाचित्रण हा एके काळी मोजक्या हौशी मंडळींचा छंद होता. आता कॅमेरा असलेला फोन प्रत्येकाच्या खिशात आला असून शालेय सहली, निसर्ग शिबिरे व पावसाळी भटकंती यांमध्ये छायाचित्रण ही नित्याची बाब झाली आहे. ही आवड निश्चितच स्वागतार्ह आहे. तथापि ज्या रानवाटांवर ही मंडळी जातात, तेथेच विषारी सापांचाही अधिवास असतो, याचा विसर पडणे जिवावर बेतू शकते.

2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख लोक मृत्युमुखी पडले, म्हणजे दरवर्षी सरासरी 58 हजार, असा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वर्तविण्यात आला. यातील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील आहेत. सर्पदंशाचे मृत्यू 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याच्या उद्देशाने केंद्र शासनाने मार्च 2024 मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

सापांची ओळख

महाराष्ट्रात मुख्यतः नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांपासून मनुष्यास धोका संभवतो. नाग फणा उभारून इशारा देतो. घोणस मोठ्याने फुत्कारते. मात्र तिचे जाड अंग व ठिपके पाहून अनेकदा ती अजगराचे पिल्लू समजली जाते आणि येथेच घात होतो. फुरसे हा जेमतेम हातभर लांबीचा साप कोकणातील कातळसड्यांवर दगडांच्या आडोशाला असतो व अंगावरील खवले परस्परांवर घासून करवतीसारखा आवाज करतो. मण्यार रात्री संचार करते. तिच्या दंशाच्या वेदना इतक्या कमी असतात की पुष्कळदा दंश झाल्याचे ध्यानीही येत नाही.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर यांच्या जोडीला चापडा आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली येथे पावसाळ्यात त्याचे छायाचित्र टिपण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. हा साप झुडपाच्या फांदीवर तासन्‌तास निश्चल बसून राहतो आणि त्याचा रंग पानांशी व शेवाळाशी मिसळून जातो. एका चापड्याकडे कॅमेरा रोखला असता शेजारच्या फांदीवरील दुसऱ्यास हात लागण्याचा संभव असतो. आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस ही उपरोक्त चार सापांच्या विषापासून तयार करण्यात येते. चापड्याच्या विषावर तिचा भरवसा धरता येत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे.

छायाचित्रकारास अधिक धोका का?

वाटसरू चालताना पायाखाली पाहतो. छायाचित्रकाराचा एक डोळा मात्र कॅमेऱ्यात गुंतलेला असतो आणि आजूबाजूचे भान सुटते. चौकट जुळविण्यासाठी तो न पाहता मागे सरकतो, गुडघे टेकतो, प्रसंगी जमिनीवर पालथा झोपतो, तोल सावरण्यासाठी खडकाच्या कपारीवर हात ठेवतो. शिवाय लहान जिवांचे ठळक चित्र घेण्याचे भिंग वापरताना विषयाच्या अगदी निकट जावे लागते. यातील प्रत्येक कृती दंशास निमंत्रण ठरू शकते.

घ्यावयाची दक्षता

1. घोट्याच्या वर येणारे जाड बूट व लांब, सैल पँट वापरावी. चपला घालून रानात जाऊ नये.
2. बसण्यापूर्वी, झोपण्यापूर्वी किंवा हात टेकण्यापूर्वी ती जागा डोळ्यांनी तपासावी व काठीने चाचपावी. चालताना कॅमेऱ्यात पाहू नये. थांबावे, सभोवार पाहावे व मगच कॅमेरा उचलावा.
3. सापापासून निदान 2 ते 3 मीटर अंतर राखावे. दूरच्या वस्तू जवळ आणणारे भिंग वापरावे. फोनने छायाचित्र घेण्यासाठी साप जवळ करू नये.
4. सापास काठीने डिवचणे, त्याची जागा बदलणे, मनाजोगी बैठक मिळावी म्हणून त्याला हाताळणे हे धोक्याचे आहे. तसेच वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये सापांना संरक्षण असल्याने त्यांना पकडणे वा त्रास देणे हा गुन्हाही ठरतो.
5. रात्री प्रखर विजेरीशिवाय व एकट्याने जाऊ नये. सोबत्यांपैकी एकाने कॅमेरा न घेता केवळ परिसरावर लक्ष ठेवावे.
6. पिशवी जमिनीवर उघडी ठेवू नये. बूट घालण्यापूर्वी झटकून घ्यावेत.

दंश झाल्यास

सापापासून दूर व्हावे व रुग्णास धीर द्यावा. अंगठी, घड्याळ, कडे काढून टाकावे, कारण सूज वाढते. दंश झालेला अवयव हलणार नाही अशा बेताने फळीचा आधार द्यावा आणि रुग्णास चालवत न नेता उचलून न्यावे. जखम कापणे, रक्त चोखणे, करकचून दोरी बांधणे, मंत्रतंत्रात वेळ दवडणे हे सर्व कटाक्षाने टाळावे. 108 क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णवाहिका मागवावी. साप मारून आणण्याची गरज नसते. लक्षणांवरून डॉक्टर उपचार ठरवितात. दूरवरून सहज छायाचित्र मिळाले असेल तर ते दाखवावे, मात्र त्यासाठी पुन्हा सापाजवळ जाऊ नये. वेदना किंवा खुणा नसल्या तरी रुग्णालयात जाणे आवश्यकच आहे, कारण मण्यारीच्या विषाची लक्षणे काही तासांनी दिसू शकतात.

स्थानिक पातळीवरील जबाबदारी

पर्यटकांचा ओघ असलेल्या गावांच्या ग्रामपंचायतींनी लस उपलब्ध असलेल्या जवळच्या रुग्णालयाचे नाव, अंतर व दूरध्वनी क्रमांक रानवाटेच्या तोंडाशी फलकावर लावावेत. लसीचा साठा शिल्लक आहे किंवा कसे, याची विचारणा पावसाळ्यापूर्वीच प्राथमिक आरोग्य केंद्राकडे करावी. आंबोलीसारख्या ठिकाणाहून सावंतवाडी गाठावयाची झाल्यास सुमारे 30 किलोमीटरचा घाटरस्ता उतरावा लागतो. पावसात व धुक्यात त्यास लागणारा वेळ सहलीच्या आखणीतच गृहीत धरला पाहिजे. शिक्षकांनी शिबिरास निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वरील नियम समजावून द्यावेत व प्रथमोपचाराची एक उजळणी करवून घ्यावी.

साप हा उंदरांवर नियंत्रण ठेवणारा शेतकऱ्याचा साहाय्यक आहे. त्याचे छायाचित्र घराघरांत पोहोचल्यास अकारण भीती कमी होईल व सापांच्या हत्याही थांबतील. पण एखादे उत्तम चित्र हुकले तर ते पुढील पावसाळ्यात मिळू शकते. गेलेला जीव परत मिळत नाही. हा विवेक रानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाने बाळगणे अगत्याचे आहे.