एकांत म्हणजे अबोला नव्हे

आई घटकाभर डोळे मिटून बसली किंवा दादाने अभ्यासासाठी दार लोटले, की चार वर्षांचे मूल विचारते, "माझ्यावर रागावलात का?" हा प्रश्न हट्टाचा नसून वयाचा आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी साधारणतः 2 ते 7 वर्षांच्या बालकाच्या विचारास आत्मकेंद्रित म्हटले, ते स्वार्थी या अर्थाने नव्हे. आपल्याला सोबत हवी असताना दुसऱ्याला शांतता हवी असेल, ही कल्पनाच त्या वयात अवघड असते. म्हणून "जा, त्रास देऊ नकोस" या वाक्यातून ते एवढेच शिकते, की आपण नकोसे आहोत.

येथे विनयपिटकातील कोसंबीची कथा उपयोगी पडते. भिक्षूंचा कलह मिटेना, तेव्हा तथागत एकटेच निघाले आणि पारिलेय्यक वनात राहिले. तेथे एक गजराजही कळप सोडून आला होता. कळपात त्याला शेंडे खुडलेले गवत खावे लागे, गढूळ पाणी प्यावे लागे. स्नान करून येताना हत्तिणी त्याला घासून जात. वनात मात्र तो तथागतांसाठी सोंडेने पाणी आणून ठेवी. ही गोष्ट सांगून मुलांना विचारावे, "हत्ती रागावला होता, की दमला होता?" उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

पालकांनी तीन पथ्ये पाळावीत. कारण खरे सांगावे. राग असेल तर तोही लपवू नये. अवधी मुलाला कळेल असा असावा. घड्याळ न समजणाऱ्याला "कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत" हे नेमके समजते. आणि तिसरी शिट्टी होताच आपण होऊन मुलाला जवळ घ्यावे. हे एकदा चुकले, तर पुढच्या वेळी ते दारातून हलणार नाही. तसेच खेळात रमलेल्या मुलाला उगाच हाका मारू नयेत. स्वतःला मिळालेली शांतताच त्याला दुसऱ्याची शांतता ओळखायला शिकवते.

घर एका खोलीचे असेल, तर जागेऐवजी वेळ राखता येतो. परळच्या चाळीत रामजी सुभेदार भीमरावांना लवकर निजवीत आणि रात्री दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत. तेव्हा सारे घर निजलेले असे.

वसतिगृहात तर एकांत फारच दुर्मीळ. घरच्यांशी फोनवर बोलून आलेले मूल डोक्यावरून पांघरूण घेते आणि मित्र थट्टेने ते ओढतात. त्यांना एक प्रश्न शिकवावा, "जवळ बसू, की नंतर येऊ?" मिळेल ते उत्तर मानावे. मात्र कोणी दिवसामागून दिवस एकटे राहू लागले, जेवण टाळू लागले, तर ते गुरुजींना किंवा ताईंना सांगणे ही चहाडी नव्हे, हेही त्याच वेळी शिकवावे.

कोसंबीहून निघालेले तथागत वाटेत अनुरुद्ध, नंदिय आणि किंबिल यांना भेटले होते. ते तिघे मौन राखून एकत्र राहत. रिकामा घडा ज्याच्या दृष्टीस पडे, तो भरून ठेवी. घडा जड असेल तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलावी. दर पाचव्या रात्री मात्र ते रात्रभर धम्मचर्चा करीत. आपल्या मुलांनाही मौनासोबत ती भरलेली घागर आणि ती पाचवी रात्र मिळावी.