नव्या बंद्याच्या मनाची विचारपूस

आपल्या देशातील १८९४ सालच्या तुरुंगांच्या कायद्यात असे सांगितले आहे की, नवा बंदी आत येताच होईल तितक्या लवकर त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि त्याची प्रकृती व अंगावरील जखमा वहीत नोंदाव्या. परंतु अंगावरची जखम डोळ्यांस दिसते. मनाची जखम कशी दिसावी? ह्याच गोष्टीचा आम्ही ह्या पाठात विचार करणार आहो.

ही जखम विरळा नव्हे. २००२ साली १२ पाश्चात्य देशांतील ६२ पाहण्या एकत्र करून पाहता असे आढळले की, सुमारे दर ७ बंद्यांपैकी एकास भ्रम उत्पन्न करणारा तीव्र मनोविकार किंवा खोल उदासीनतेचा रोग होता.

ह्यावर उपाय म्हणून इंग्लंडातील तुरुंगांसाठी २०१६ साली जी रीत घालून देण्यात आली, तिच्यापासून आपणांस तीन गोष्टी शिकता येतात.

१. वेळ. पहिली विचारपूस कोठडी नेमून देण्यापूर्वीच करावी. कारण आरंभीचे दिवस फार धोक्याचे असतात.

२. प्रश्न. पूर्वी मनाच्या रोगावर औषध घेतले काय? त्यासाठी इस्पितळात राहिला काय? जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार मनात येतो काय? असे विचारल्याने तो विचार मनात शिरतो, हे भय खरे नव्हे. अभ्यासांत त्यास आधार मिळालेला नाही.

३. पुनः विचारणे. भयाने, लज्जेने किंवा दारू सुटल्याच्या कासाविशीने मनुष्य पहिल्या दिवशी "काही नाही" असे म्हणतो. म्हणून ७ दिवसांच्या आत दुसरी तपासणी करावी.

मात्र ही विचारपूस म्हणजे चाळणी होय, निवाडा नव्हे. जो चाळणीत सापडेल त्यास वैद्याकडे पोहोचविले नाही, तर वहीतील नोंद व्यर्थ होय.

आपल्या गावचा कोणी तुरुंगात पडला, तर घरच्यांनी लाज धरून त्याचा आजार लपवू नये. त्याच्या औषधांची चिठ्ठी तुरुंगाच्या डॉक्टरांकडे पोहोचवावी. बंदी जे सांगू शकत नाही, ते त्या कागदाने कळते आणि चालू औषध एकाएकी तुटत नाही.

मंडळीत विचारण्याचे प्रश्न: पहिल्या दिवशीचे "नाही" पुरेसे का नाही? आजार लपविल्याने कोणाची हानी होते?