टर्बो गाडीसाठी इंजिनाचा संगणक कसा निवडावा?



आपल्या इंदूरजवळ पीथमपूरला 'नॅट्रॅक्स' ही वाहनांच्या चाचण्या घेणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिचा ११.३ किलोमीटर लांबीचा अतिवेगाचा ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. त्याच्या बऱ्याच आधी, २००७ पासून, पीथमपूरला अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची 'बाहा' स्पर्धा भरू लागली होती. तीत सर्व संघांना एकाच प्रकारचे, १० अश्वशक्तीचे, कार्ब्युरेटरचे इंजिन वापरावे लागे. त्यामुळे संगणक निवडण्याचा प्रश्नच येत नसे. कोइंबतूरला होणाऱ्या 'फॉर्म्युला भारत'मध्ये मात्र पेट्रोल गटातील संघ ७१० सी.सी. पर्यंतचे इंजिन स्वतः निवडतात. सारी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून ओढावी लागते, पण टर्बो लावण्यास परवानगी असते. तेथे इंजिनाचा संगणक, म्हणजे ई.सी.यू., कोणता घ्यावा यावर वादविवाद रंगतात. आपल्या शाळेतून अभियांत्रिकीकडे जाणारी मुलेही आम्हाला हाच प्रश्न विचारतात, आणि बहुधा सुरुवात कंपनीच्या नावापासून करतात. आमच्या मते सुरुवात आकड्यांपासून करावी.

प्रथम या संगणकाचे काम पाहू. किती हवा आत आली ते मोजायचे, त्या हिशेबाने पेट्रोल सोडायचे आणि योग्य क्षणी ठिणगी पाडायची. साध्या पेट्रोलच्या १ ग्रॅमला पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते तेव्हा एक फेरा सेकंदाच्या शंभराव्या भागात होतो, आणि एक अंश फिरण्यास सेकंदाचा ३६ हजारावा भाग लागतो. ठिणगीची वेळ इतक्या बारकाईने सांभाळावी लागते.

टर्बो म्हणजे धुराड्यातून जाणाऱ्या वायूवर फिरणारा पंखा. तो दुसऱ्या पंख्याने हवा दाबून इंजिनात भरतो. हवा वाढली की पेट्रोलही वाढले पाहिजे. टर्बो नसलेल्या गाडीतील दाबमापक साधारण वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो. अशा गाडीला बाहेरून टर्बो बसवला, तर वाढलेली हवा मूळ संगणकाला दिसतच नाही. तो पूर्वीइतकेच पेट्रोल सोडतो. मिश्रण पातळ होते, तापमान चढते, ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता उरलेले मिश्रण एकदम पेट घेते. यालाच मेकॅनिक 'नॉकिंग' म्हणतात. हे काही क्षण जरी जोरात चालले, तरी पिस्टनला भोक पडू शकते.

म्हणून पहिला आकडा दाबाचा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच असल्याने येथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार असतो. टर्बोने त्यावर १ बार वाढवला, तर एकूण १.९५ बार होतो. २ बारचा मापक येथे कसाबसा पुरेल, पण घाट उतरून खलघाटला नर्मदेकाठी पोहोचेपर्यंत हवा दाट झालेली असते, आणि मुंबईला तो पुरणारच नाही. अडीच किंवा तीन बारचा मापक वाचू शकणारा संगणकच घ्यावा, आणि बाहेरच्या हवेचा दाब तो स्वतंत्रपणे मोजतो ना, हेही विचारावे.

दुसरा आकडा इंजेक्टरचा. समजा, चार सिलिंडरच्या इंजिनातून १६० अश्वशक्ती हवी आहे. टर्बो इंजिनाला एका अश्वशक्तीमागे ताशी सुमारे २७० ग्रॅम पेट्रोल धरतात. म्हणजे ताशी ४३.२ किलो. एक लिटर पेट्रोल सुमारे ०.७४ किलो भरते, म्हणून ताशी ५८.४ लिटर, अर्थात मिनिटाला सुमारे ९७३ सी.सी. चार इंजेक्टरांत वाटल्यास प्रत्येकी २४३. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही, ८० टक्के वेळच उघडा धरतात. म्हणून २४३ भागिले ०.८, म्हणजे मिनिटाला ३०४ सी.सी. क्षमतेचा इंजेक्टर हवा. मोठे इंजेक्टर घेताना त्यांचा विद्युत रोध पाहावा. कमी रोधाचे इंजेक्टर चालवण्याची सोय प्रत्येक संगणकात नसते. नव्या गाड्यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये शेकडो बार दाबाने सोडतात. त्यासाठीची यंत्रणा तर स्वस्त संगणकात नसतेच.

तिसरी बाब दातांची. इंजिन कोणत्या क्षणी कोठे आहे, हे संगणकाला क्रँकवरच्या दातेरी चाकावरून कळते. पुष्कळ गाड्यांत ६० दातांच्या जागी ५८ दात असतात. दोन दातांची मोकळी जागा ही खूण. आपल्या इंजिनाचे चाक संगणकाला वाचता येत नसेल, तर बाकीची सारी वैशिष्ट्ये व्यर्थ आहेत.

आता प्रकार. मूळ संगणकातील कोष्टके बदलणे म्हणजे 'रीमॅप'. गाडी कारखान्यातूनच टर्बो असेल आणि बदल थोडा असेल, तर हाच मार्ग आम्हाला शहाणपणाचा वाटतो, कारण मीटर, ब्रेक, चावी यांच्याशी असलेले मूळ संगणकाचे बोलणे तुटत नाही. दुसरा 'पिगीबॅक'. हा मध्ये बसून मापकांचे आकडे बदलून मूळ संगणकाला देतो. प्रगतिपुस्तकातील गुण खाडाखोड करून घरी दाखवावेत, तसा प्रकार! थोड्या फरकापर्यंत निभावते. तिसरा 'स्टँडअलोन', म्हणजे मूळ संगणक काढून सर्व कारभार नव्याकडे सोपवणे. स्पर्धेच्या गाडीला हाच योग्य. हॅलटेक, लिंक, मोटेक या कंपन्यांचे तयार संगणक मिळतात. २००१ च्या सुमारास दोन हौशी अमेरिकन अभियंत्यांनी सुरू केलेला मेगास्क्वर्ट, किंवा आर्डुइनोवर चालणारा स्पीडुइनो, हे स्वतः जोडणी करून शिकण्यासाठी उत्तम आहेत.

यापेक्षाही महत्त्वाचा प्रश्न एकच: तो जुळवणार कोण? नवा संगणक कोरी पाटी असतो. ज्याचे सॉफ्टवेअर आपल्या ट्यूनरला येते, तोच घ्यावा, मग तो थोडा कमी नावाजलेला असला तरी चालेल. सोबत 'वाइडबँड' ऑक्सिजन मापक हवाच. साधा मापक मिश्रण १४.७ च्या अलीकडे की पलीकडे एवढेच नीट सांगतो, तर टर्बोच्या पूर्ण जोरात ते १२ च्या आसपास ठेवावे लागते. तसेच दाब मर्यादेबाहेर गेल्यास किंवा तेलाचा दाब पडल्यास इंजिन आपोआप रोखण्याची सोय पाहावी. पैसे वाचवायचे तर इतर ठिकाणी वाचवावेत, येथे नाही.

पालकांसाठी थोडे वेगळे. हे सर्व स्पर्धेच्या, बंदिस्त ट्रॅकवरच्या गाडीबद्दल आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठरवल्या. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडचणीत येऊ शकतो. विजय नगरच्या चौकातून रात्री फटाक्यांसारखे आवाज काढत जाणाऱ्या गाड्या पाहून मुलांना हौस वाटते, हे आम्ही जाणतो. त्या हौसेला महाविद्यालयाच्या स्पर्धा संघात जागा आहे, आणि विश्वस्तांनी बारावीच्या मुलांची नॅट्रॅक्सला एक सहल नेण्याचा विचार करावा, असे आम्ही सुचवतो.

स्वाध्याय : तीन सिलिंडरच्या इंजिनातून १२० अश्वशक्ती हवी असल्यास इंजेक्टरची क्षमता काढा. उत्तर वरीलप्रमाणेच ३०४ येईल. ते तसेच का येते, हे दोन ओळींत लिहून भौतिकशास्त्राच्या तासाला दाखवा.